ओतीव शिशाच्या गोळ्या आणि .३८ स्पेशलची हलकी काडतुसे

एरीकाठ

ओहायोतील आमच्या क्लबात बुल्सआय पद्धतीची पिस्तूल नेमबाजी चालते. पूर्ण सामन्यात २७० गोळ्या झाडायच्या असतात. त्यांतल्या ९० सेंटरफायरच्या, म्हणजे बुडाच्या मध्यभागी प्राइमर (दारू पेटवणारी छोटी टोपी) असलेल्या काडतुसांच्या. सेंटरफायरसाठी मी अजूनही .३८ स्पेशलचे जुने रिव्हॉल्व्हर वापरतो आणि त्याची काडतुसे घरीच भरतो. गोळ्याही गॅरेजमध्ये शिसे वितळवून स्वतःच ओततो. मागे एका धाग्यावर कोणीतरी लिहिले होते की हलका भार (काडतुसात घातलेली थोडी दारू) म्हणजे नवशिक्याचा भार, त्यात चुकण्यासारखे काही नाही. हे मत मला पटत नाही आणि का पटत नाही ते सविस्तर लिहावे म्हणून हा धागा काढला आहे.

प्रथम काडतुसाविषयी. .३८ स्पेशल १८९८ च्या सुमारास स्मिथ अँड वेसनने आणले. काळ्या दारूचे युग तेव्हा संपत आले होते. मूळ भार सुमारे २१ ग्रेन काळ्या दारूचा होता आणि पितळी पुंगळीची लांबी त्या हिशेबाने १.१५५ इंच ठेवलेली होती. पुढे धूरविरहित दारू आली. तिला तेवढ्याच कामासाठी फारच थोडी जागा लागते, पण पुंगळी मात्र तीच राहिली. आज आपण लक्ष्यभेदाचा हलका भार भरतो तेव्हा त्या पुंगळीच्या तळाशी चिमूटभर दारू असते आणि वर मोकळी हवा. पुढच्या सगळ्या अडचणी या रिकाम्या जागेतून निघतात.

ग्रेन हे माप आपल्याकडच्या वाचकांना परके वाटेल, पण ते तसे नाही. १८३३ साली कंपनी सरकारने तोळा १८० ग्रेनचा ठरवला आणि ९६ गुंजांचा तोळा धरला तर एक गुंज पावणेदोन ग्रेनांहून थोडी अधिक भरते. माझी वॅडकटर गोळी १४८ ग्रेनची, म्हणजे एका तोळ्याला ३२ ग्रेन कमी. सोनाराच्या दुकानात वजनाच्या बाबतीत जी काटेकोर वृत्ती दिसते, तीच येथे लागते. फरक इतकाच की येथे तराजू चुकला तर नुकसान गिऱ्हाईकाचे होत नाही.

वॅडकटर म्हणजे सपाट तोंडाची, दंडगोल गोळी. ती पुंगळीच्या तोंडाशी समतल होईपर्यंत आत बसवतात, त्यामुळे भरलेले काडतूस बोथट पेन्सिलीच्या तुकड्यासारखे दिसते. गोल नाकाची गोळी कागद फाडत जाते, तर ही पंचिंग मशिनीसारखे स्वच्छ वर्तुळ कापते. भोक गुणरेषेला स्पर्श करते की नाही हा वाद त्यामुळे उरत नाही. तिचा वेग सेकंदाला सातशे फुटांच्या आसपास असतो, धक्का सौम्य असतो आणि नव्वद गोळ्यांनंतरही मनगट जागेवर राहते.

आता शिसे. शुद्ध शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, पण ते फार मऊ असते (काठिण्य मोजण्याच्या ब्रिनेल मापावर सुमारे ५) आणि साच्याच्या कोपऱ्यांत नीट शिरत नाही. कथील घातले की द्रवाचा पृष्ठताण कमी होतो आणि साचा काठोकाठ भरतो. आपल्याकडे कल्हईवाला तापलेल्या पातेल्यावर कथलाचा तुकडा फिरवतो तेव्हा ते कसे झरझर पसरते ते ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. अँटिमनी काठिण्य वाढवते. लायमन क्रमांक २ या नावाने ओळखले जाणारे मिश्रण ९० टक्के शिसे, ५ टक्के कथील आणि ५ टक्के अँटिमनीचे असून त्याचे काठिण्य १५ च्या आसपास असते. छापखान्यांतले जुने लायनोटाइप त्याहून कठीण, सुमारे २२.

नवशिक्या येथे पहिली चूक करतो. कठीण गोळी म्हणजे चांगली गोळी, असे त्याला वाटते. नळीत शिसे चिकटू लागले की तो आणखी कठीण मिश्रण वापरतो आणि शिसे आणखी चिकटते. कारण असे आहे की दारूच्या वायूचा दाब गोळीच्या बुडावर पडला की मऊ गोळी किंचित फुगते आणि नळीतल्या आट्यांना, म्हणजे आतल्या सर्पिल खाचांना, घट्ट बसून वायूला मागेच रोखते. ओतणाऱ्यांमध्ये एक ढोबळ सूत्र चालते. ब्रिनेल अंकाला १,४२२ ने गुणले की गोळी फुगायला साधारण किती पौंड प्रति चौरस इंच दाब लागेल ते कळते. १५ काठिण्याच्या गोळीला या हिशेबाने एकवीस हजारांहून अधिक दाब हवा, तर .३८ स्पेशलच्या साध्या काडतुसाची अमेरिकी उद्योगाने ठरवलेली कमाल मर्यादाच १७,००० आहे आणि आपला हलका भार तिच्याही बराच खाली. अशी गोळी फुगत नाही. तिच्या कडेने तप्त वायू निसटतो आणि शिसे वितळवून नळीभर फासतो. वीस भाग शिशाला एक भाग कथील हे जुने मिश्रण (काठिण्य सुमारे १०) माझ्या रिव्हॉल्व्हरला मानवते. त्याने ब्रशचे काम निम्म्याने कमी झाले.

ओतताना मी गोळीच्या नाकाकडे फारसे पाहत नाही, बुडाकडे पाहतो. बुडाची कड धारदार आणि पूर्ण नसेल तर नळीतून बाहेर पडताना वायू एका बाजूने आधी सुटतो आणि गोळी कलते. सुरकुतलेली गोळी म्हणजे साचा थंड किंवा त्यात तेलाचा अंश. दहिवरासारखी पांढुरकी दिसणारी गोळी म्हणजे साचा जास्त तापलेला. पांढुरकी चालते, सुरकुतलेली पुन्हा भांड्यात.

आता माझ्याच हातून झालेली चूक सांगतो. पाचेक वर्षांपूर्वी मी दारू भरत असताना फोन वाजला. परत आलो आणि ज्या पुंगळीपाशी हात थांबला होता तिच्या पुढच्या पुंगळीपासून सुरुवात केली. एक पुंगळी दारूविना राहिली. शनिवारी वेगवान फैरीत तिसऱ्या गोळीला नेहमीच्या आवाजाऐवजी ‘फट्’ इतकेच ऐकू आले. प्राइमरच्या एकट्या जोराने गोळी नळीत दोनेक इंच जाऊन अडकली होती. ती चक्री आणि नळी यांच्या मधल्या फटीत अडकली असती तर चक्री फिरलीच नसती आणि मी आपोआप थांबलो असतो. ती पुढे गेली होती, त्यामुळे चक्री मोकळी होती आणि माझे बोट चापावर होते. शेजारच्या नेमबाजाने आरडाओरडा केला म्हणून चौथी गोळी सुटली नाही. सुटली असती तर किमान नळी फुगली असती.

त्यानंतर पन्नास पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या करून, सगळ्यांत दारू घालून, विजेरीच्या उजेडात एकेका ओळीने पाहिल्याखेरीज मी गोळी बसवत नाही. उलटी चूक याहून वाईट. बुल्सआय नावाची दारू (तीही १८९८ चीच) इतकी दाट आहे की या पुंगळीत हलक्या भाराच्या दुप्पट माप बाहेर न सांडता मावते. वॅडकटर खोल बसत असल्याने दुप्पट भाराचा दाब दुपटीवर थांबत नाही. जड भार भरणाऱ्याची पुंगळी दुप्पट मापाने ओसंडते आणि त्याला चूक डोळ्यांना दिसते. हलका भार भरणाऱ्याला ती दिसत नाही, म्हणून त्याला ती शोधावी लागते.

दारूचे वजन मी येथे मुद्दाम लिहिलेले नाही आणि विचारले तरी लिहिणार नाही. दारू बनवणाऱ्याची चालू पुस्तिका समोर ठेवावी, त्यात दिलेल्या किमान आकड्याखालीही जाऊ नये आणि कमाल आकड्यावरही.

---

रसशाळा

लेख आवडला. धातुशास्त्राशी पोटापाण्याचा संबंध असल्याने एका मुद्द्यावर हरकत नोंदवतो. काठिण्याच्या सूत्राला तुम्ही थोडे अधिकच महत्त्व दिले आहे. गोळी मुळातच योग्य व्यासाची असेल तर तिला फुगण्याची गरज कमी पडते. माझ्या अनुभवात दहांपैकी आठ वेळा शिसे चिकटण्याचे मूळ मापात सापडते, मिश्रणात नव्हे.

रिव्हॉल्व्हरमध्ये हे माप दोन ठिकाणी घ्यावे लागते आणि लोक एकच घेतात. नळीला तेल लावून त्यातून मऊ शिशाचा गोळा दांड्याने ढकलून काढला की आट्यांच्या तळाचा व्यास मिळतो. पण गोळी नळीत शिरण्यापूर्वी चक्रीच्या सहा घशांपैकी, म्हणजे काडतुसाच्या कप्प्यांच्या पुढच्या तोंडांपैकी, एकातून जाते. घसा नळीपेक्षा अरुंद असेल तर तुम्ही .३५८ इंचाची गोळी ओता की .३६० ची, घसा तिला दाबून बारीक करणार आणि ती नळीत सैल बसणार. मग कोणतेही मिश्रण वापरा, वायू निसटणारच. ओतलेली गोळी घशातून बोटाच्या साध्या दाबाने, किंचित अडत गेली पाहिजे. आपोआप पडली तर घसा मोठा आहे, हातोडी लागली तर लहान.

आणखी एक गंमत अशी की स्मिथ अँड वेसनच्या नळीत पाच आटे असतात. समोरासमोर खाच येत नाही, त्यामुळे साध्या मायक्रोमीटरने व्यास मोजताच येत नाही आणि माणसे चुकीचा आकडा वर्षानुवर्षे खरा मानत राहतात. त्यासाठी व्ही आकाराच्या बैठकीचा मायक्रोमीटर लागतो.

---

एरीकाठ

@रसशाळा, हरकत मान्य. घशांचे माप मी घेतले होते, ते लिहायचे राहिले. सहापैकी पाच घसे सारखे निघाले आणि सहावा अर्धा सहस्रांश इंच अरुंद. ज्या गोळ्या गटाबाहेर (लक्ष्यावरच्या भोकांच्या घोळक्याबाहेर) पडत त्या बहुतेक त्या एका घशातल्या होत्या, हे चक्रीवर खडूने खूण करून चार शनिवार नोंद ठेवल्यावर कळले. बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडून तो घसा मापात आणून घेतला.

---

कोल्हापुरी_नेम

भारतातून वाचणाऱ्यांसाठी एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण आपल्याकडे उत्साह लवकर चढतो. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही आणि शस्त्र बाळगण्याचा परवाना म्हणजे काडतूस बनवण्याचा परवाना नव्हे. वापरलेली पुंगळी घरी पुन्हा भरणे हा गंभीर गुन्हा ठरतो. शिवाय .३८ हा आपल्याकडे सामान्य परवान्यावर मिळणाऱ्या बोअरमध्ये (नळीच्या मापांमध्ये) येत नाही. रिव्हॉल्व्हर म्हटले की आपल्याकडे .३२.

तरीही हा धागा मला उपयोगाचा वाटला. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे २५ मीटर सेंटरफायर पिस्तूल प्रकारात ७.६२ ते ९.६५ मिलिमीटर कॅलिबर चालते आणि बहुतेक खेळाडू .३२ स्मिथ अँड वेसन लाँगची वॅडकटरच वापरतात. काडतूस कारखान्यातून आलेले असले तरी नळीत शिसे साठायचे ते साठतेच. बुडावर ‘केएफ’ अक्षरे असलेली खडकीच्या कारखान्याची साधी .३२ ची काडतुसे आणि आयात केलेली वॅडकटर यांच्या गटांत फरक का पडतो, याचे निम्मे उत्तर तुमच्या लेखात मिळाले.

---

नवा_टेक्सासकर

मी दीड वर्षापूर्वी एच-वन-बी व्हिसावर येथे आलो. कार्यालयातले सहकारी रेंजवर नेतात. हे वाचून साचा आणि काडतुसे भरण्याचा प्रेस घेण्याची तीव्र इच्छा झाली आहे. सुरुवात कशी करावी?

---

एरीकाठ

@नवा_टेक्सासकर, सुरुवात करू नका. अमेरिकेच्या संघराज्य कायद्याप्रमाणे तुमच्यासारख्या तात्पुरत्या व्हिसावरील व्यक्तीला बंदूक किंवा दारूगोळा बाळगण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण ते आपल्याला लागू पडतात की नाही हे वकिलाला विचारावे, मित्राला नव्हे. त्याच कायद्यात ‘दारूगोळा’ या शब्दाची व्याख्या केवळ तयार काडतुसापुरती नाही. पुंगळी, प्राइमर, गोळी आणि दारू हे सुटे घटकही तीत येतात. म्हणजे गोळ्या ओतून कपाटात ठेवल्या तरी प्रश्न उभा राहू शकतो आणि त्याची किंमत ग्रीनकार्डाने मोजावी लागेल. मी स्वतः ग्रीनकार्ड हाती येईपर्यंत थांबलो. ती सहा वर्षे पुस्तके वाचण्यात गेली, ती वाया गेली नाहीत.

ग्रीनकार्ड मिळाल्यावर स्वतःच्या वापरासाठी भरायला संघराज्याचा परवाना लागत नाही. विकायला भरली तर उत्पादकाचा परवाना लागतो. राज्याचे नियम वेगळे असतात, तेही पाहावेत.

---

माजघर

माझे यजमान गेली तीन वर्षे हा उद्योग करतात, म्हणून दुसरी बाजू लिहिते. शिशाच्या धुराचीच सगळे चर्चा करतात. आम्हीही खिडकी आणि पंखा यांवर पैसे घातले. पण मुलीच्या नेहमीच्या तपासणीत रक्तातले शिसे वाढलेले निघाले (मुलांसाठी अमेरिकेत २०२१ पासून संदर्भमूल्य ३.५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलीटर आहे आणि तिचे त्याहून थोडे अधिक होते), तेव्हा शोध घेतल्यावर दोष धुरात निघाला नाही. पुंगळ्या घासण्याचे यंत्र कपडे धुण्याच्या खोलीत होते. त्यातल्या कोरड्या भुश्शात जुन्या प्राइमरची शिसेयुक्त धूळ साठत असे आणि यजमान तो भुसा तेथेच चाळत असत. तेथून ती धूळ पायांना लागून घरभर.

आता यंत्र गॅरेजमध्ये आहे आणि पुंगळ्या पाण्यात घासल्या जातात. ते कपडे वेगळे, चपला वेगळ्या, हात थंड पाण्याने आणि साबणाने धुतल्याशिवाय दाराच्या कडीलाही स्पर्श नाही. चार महिन्यांनी आकडा खाली आला. लेख लिहिणाऱ्यांनी हा भाग वगळू नये, एवढीच विनंती.

---

रसशाळा

@माजघर यांचे निरीक्षण शास्त्रीयदृष्ट्याही बरोबर आहे. ओतण्याचे तापमान ३५० ते ४०० अंशांच्या दरम्यान असते आणि त्या तापमानाला शिशाची वाफ फारच थोडी होते. खरा धोका वर जमणाऱ्या करड्या साईचा, म्हणजे ऑक्साइडच्या भुकटीचा आणि हातावाटे तोंडात जाणाऱ्या धुळीचा. ती साय पळीने काढल्यावर झाकणाच्या डब्यातच टाकावी, झटकू नये. मेणाचा तुकडा टाकून ढवळले की साईतले बरेचसे कथील परत मिश्रणात येते, त्यामुळे टाकून द्यायची साय मुळातच कमी उरते.

भंगारातून चाकाच्या तोलाची वजने घेणाऱ्यांनी जस्ताकडेही लक्ष द्यावे. काही राज्यांनी शिशाच्या वजनांवर बंदी घातल्यापासून बादलीत जस्ताची आणि लोखंडाची वजनेच अधिक निघतात. जस्त ४१९ अंशांना वितळते, तेव्हा भांडे त्याच्या बरेच खाली ठेवले तर जस्ताचे तुकडे वर तरंगतात आणि चिमट्याने काढता येतात. एकदा का ते मिसळले की मिश्रण पेजेसारखे घट्ट होते आणि साच्यात नीट उतरत नाही.

---

खाडीपलीकडे

आमच्या आजोळी, रायगडात, पागाला, म्हणजे मासे धरायच्या फेकजाळ्याला, लावायचे शिशाचे मणी पावसाळ्याआधी घरीच ओतत असत. मामा तापलेल्या शिशाच्या जवळ ओला माणूससुद्धा फिरकू देत नसे. एकदा साचा ओला राहिला आणि शिसे छपरापर्यंत उडाले, त्याची खूण कौलाखालच्या वाशावर होती. तुमच्याकडे पाण्याचा हा नियम कोणी लिहिलेला दिसला नाही, म्हणून लिहिले. बंदुकीतले मला काही कळत नाही.

---

एरीकाठ

@खाडीपलीकडे, नियम अगदी तोच. वितळलेल्या शिशाखाली पाण्याचा थेंब गेला की त्याची क्षणात वाफ होते आणि सगळे भांडे वर उसळते. भंगारातली वजने आधी उन्हात वाळवावीत आणि थंड भांड्यातच घालून मग आच द्यावी. तापलेल्या शिशात नवा तुकडा टाकायचा झाला तर तो आधी भांड्याच्या काठावर गरम करून घ्यावा. कठीण गोळ्या हव्या असणारे लोक साच्यातून गोळी थेट पाण्याच्या बादलीत टाकतात. हलक्या भाराला ते काठिण्य नकोच आहे, तेव्हा ती बादली गॅरेजमध्ये आणूच नये. मी गोळ्या जुन्या टॉवेलच्या घडीवर पाडतो.

@माजघर, तुमचा मुद्दा माझ्या लेखात असायला हवा होता. मी कोरडा भुसाच वापरत होतो. काल ते यंत्र बंद केले.

---

कोल्हापुरी_नेम

एक शंका राहिली. दारू पुंगळीत इतकी कमी असते, तर नळी खाली करून मग वर उचलली की दारू गोळीकडे सरकणार आणि उलट केले की प्राइमरकडे. त्याने वेगात फरक पडतो का?

---

एरीकाठ

पडतो, आणि वेगमापकावर स्पष्ट दिसतो. दारू प्राइमरजवळ असेल तर वेग जास्त, गोळीजवळ असेल तर कमी. खोल बसणाऱ्या वॅडकटरमध्ये मोकळी जागा कमी, म्हणून फरकही कमी. १५८ ग्रेनच्या सेमीवॅडकटरमध्ये (निमुळत्या पण सपाट टोकाच्या गोळीत) तो अधिक दिसतो. जागा भरून काढणारी फुगीर दारू वापरण्याचा एक फायदा हाच आहे. दुसरा फायदा असा की तिचे दुप्पट माप पुंगळीत मावत नाही. ऑस्ट्रेलियात बनणारी ट्रेल बॉस त्यासाठीच लोकप्रिय होती, पण अलीकडे ती दुकानात मिळत नाही. माझ्याकडे अर्धा डबा शिल्लक आहे आणि तो मी कोणालाही देणार नाही.

पन्नास यार्डांवर सामन्यात मी प्रत्येक गोळीपूर्वी रिव्हॉल्व्हर एकाच पद्धतीने, खालून वर, उचलतो. पंच विचारतात की ही काय सवय आहे.